रिकॉलचं पत्र आधी, पैसे मागाहून

मेहुण्याची गाडी अमेरिकेतून कॅनडात आणण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि एका वाक्यापाशी थांबलो. "मेहुण्याच्या गाडीवर एअरबॅगचा एक रिकॉल बाकी आहे, पण तो कुठलाही डीलर फुकट करून देतो, त्यामुळे ब्रॅम्प्टनला आणल्यावर बघू." जवळजवळ ह्याच शब्दांत 2016 च्या सप्टेंबरमध्ये मी हे बायकोला सांगितलं होतं. तिला ते अजून पाठ आहे आणि ती ते वेळोवेळी म्हणून दाखवते. (रिकॉल म्हणजे सदोष भाग बदलून द्यायला कंपनीने गाड्या परत बोलावणं.)

आधीच सांगतो, मी वकील नाही, कस्टम्स ब्रोकर नाही. एकच गाडी अमेरिकेतून ओंटारिओत आणली आणि पुन्हा आणणार नाही. नियम, फी सगळं बदलत असतं, तेव्हा आकडे स्वतः तपासून घ्या. टायटल (गाडीच्या मालकीचा कागद), बिल ऑफ सेल, आयातीचा फॉर्म 1, विमा हे सगळं तुम्ही वाचलेलं दिसतंय, त्यात मी शिरत नाही. गाडी ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीत 'अॅडमिसिबल', म्हणजे आयातीला चालणारी, आहे हेही तुम्ही बघितलंय म्हणता. उत्तम.

माझी गोष्ट थोडक्यात अशी. मावसभाऊ न्यू जर्सीतल्या एडिसनहून कायमचा पुण्याला परतत होता. ग्रीन कार्डच्या रांगेला कंटाळला होता. गाडी सहा वर्षांची, एकाच हातातली, सर्व्हिसच्या पावत्या फाइल करून ठेवलेल्या. 8,000 अमेरिकन डॉलरला दिली. इथे मिसिसॉगात तशीच गाडी निदान तीन हजारांनी महाग होती. भावाचं विमान ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणून घाई. ह्या घाईतच सगळं आलं.

अमेरिकेच्या बाजूला 72 तासांचा नियम आहे, तो तुम्हाला माहीत आहे असं धरतो. नसेल तर एवढं लक्षात ठेवा की गाडी सीमेवरच्या पुलावरून नेण्याआधी निदान 72 तास टायटलची प्रत तिकडच्या एक्स्पोर्ट ऑफिसला पोचलेली हवी, सोबत आयटीएन नंबर (अमेरिकेतून निर्यातीच्या नोंदीचा क्रमांक) हवा, आणि हे ऑफिस चोवीस तास उघडं नसतं. मी ब्रोकरला पैसे देऊन आयटीएन काढला आणि मंगळवारी सकाळी पीस ब्रिजवर पोचलो. टायटलवर शिक्का, पलीकडे फोर्ट इरीला जीएसटी, एसीवरच्या कराचे 100 डॉलर, फॉर्म 1 वर शिक्का. दीड तासात मोकळा. क्यूइडब्ल्यू हायवेवरून घरी येताना मी गाणी म्हणत होतो, हे आठवलं की आता लाज वाटते.

घरी येऊन आरआयव्हीची, म्हणजे बाहेरून आणलेल्या गाड्यांची नोंद करणाऱ्या कॅनडाच्या यंत्रणेची, फी भरली. तेव्हा 195 डॉलर आणि वर कर होता, आता तीनशेच्या पुढे आहे. मग वाट बघत बसलो की तपासणीचा फॉर्म 2 येईल, तो घेऊन कॅनेडियन टायर ह्या दुकानाच्या गॅरेजमध्ये जायचं, झालं. फॉर्म 2 आला नाही, निरोप आला: उत्पादकाचं रिकॉल क्लिअरन्सचं पत्र पाठवा. म्हणजे ह्या व्हिन नंबरच्या (गाडीचा ओळख क्रमांक) गाडीवर एकही रिकॉल बाकी नाही, असं कंपनीने लिहून द्यायचं. आणि माझ्या गाडीवर होता. टकाटा ह्या जपानी कंपनीचा एअरबॅग.

तो काळ आठवून बघा. 2016 च्या मे महिन्यात अमेरिकेने टकाटाचा रिकॉल आणखी कित्येक कोटी इन्फ्लेटरपर्यंत (एअरबॅग फुगवणारा भाग) वाढवला होता. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं, म्हणून सुटे भाग आधी फ्लोरिडासारख्या गरम, दमट राज्यांत जात होते. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. पण मी होतो थंडीतल्या मिसिसॉगात, न्यू जर्सीच्या गाडीसकट. रांगेत माझ्यामागे बहुधा फक्त ध्रुवावरची अस्वलं असतील.

गाडी घेण्याआधी मी अमेरिकेच्या वाहनसुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, साइटवर व्हिन टाकून बघितला होता, हे सगळ्यात जास्त लागतं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की रिकॉल आहे, उपाय अजून उपलब्ध नाही. मी 'रिकॉल आहे' एवढं वाचलं आणि 'उपलब्ध नाही' वरून नजर फिरवली. रिकॉल म्हणजे मोफत दुरुस्ती एवढंच डोक्यात होतं. गाडी देशात येईल पण रस्त्यावर येणार नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं.

मग सुरू झाली कंपनीच्या ग्राहकसेवेची टोलवाटोलवी. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. अमेरिकेतलं ऑफिस म्हणायचं, गाडी आता कॅनडात आहे, तुम्ही कॅनडाच्या ऑफिसशी बोला. कॅनडाचं ऑफिस व्हिन टाइप करायचं आणि म्हणायचं, ही अमेरिकेची गाडी आहे, आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी 'आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत', दर वेळी पहिल्यापासून रामकथा. एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, रिकॉल पूर्ण होईपर्यंत गाडी चालवू नका." मी म्हटलं, बाई, मला ती चालवूच देत नाहीयेत, तोच तर प्रश्न आहे. तिनेही दिलगिरी व्यक्त केली.

इकडे आरआयव्हीचे 45 दिवस धावत होते. तेवढ्यात तपासणी पास झाली नाही तर गाडी परत देशाबाहेर काढायला सांगू शकतात. मी लेखी मुदतवाढ मागितली, कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार जोडला, आणि मुदत मिळाली. इथे एक सल्ला. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी लगेच ईमेल करा, 'आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे' अशी सुरुवात करून. मुदतवाढ मागताना कामाला आले ते हेच ईमेल.

डिसेंबर, जानेवारी गाडी ड्राइव्हवेत बर्फाखाली. नंबरप्लेट नाही, बॅटरी बसलेली. शेजारी विचारायचे, "नवी गाडी का?" बायको कामाला जुन्या गाडीने, मी गो ट्रेनने आणि अडीनडीला भाड्याच्या गाडीने. फेब्रुवारीत एका डीलरकडे सुटा भाग आला, एअरबॅग बदलली. गाडीला प्लेट नाही म्हणून टो करून नेली होती, ते पैसे अर्थातच माझे. आता तरी पत्र मिळेल? नाही. काम इथल्या डीलरने इथल्या सिस्टीममध्ये नोंदवलं, अमेरिकेच्या सिस्टीममध्ये रिकॉल उघडाच. एक ऑफिस म्हणे आमच्याकडे बंद दिसतोय पण अमेरिकन गाडीचं पत्र आम्ही देत नाही, दुसरं म्हणे पत्र देतो पण आमच्याकडे उघडा दिसतोय. आणखी तीन आठवडे गेले. शेवटी डीलरच्या सर्व्हिस डेस्कवरच्या एका तरुण पंजाबी मुलाने आपल्या ओळखीने कुठेतरी फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी पत्र ईमेलने आलं. अर्ध्या पानाचं. त्यात चार ओळी होत्या.

पुढचं सोपं होतं. कॅनेडियन टायरमधली तपासणी वीस मिनिटांची. लहान मुलांच्या सीटचा अँकर, दिवसा चालू राहणारे दिवे, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), असलं बघतात. मात्र ही तपासणी म्हणजे ओंटारिओचं सेफ्टी सर्टिफिकेट नव्हे, ते वेगळं आणि त्याचे पैसे वेगळे. अनेक जण इथे फसतात. आणि सीमेवर जीएसटीचे फक्त 5 टक्के भरले म्हणून खूश होऊ नका, प्रांताचे 8 टक्के प्लेट घेताना भरावे लागतात.

ह्या सगळ्यातून माझं मत झालंय ते असं. कुणाला टोकाचं वाटेल, वाटू दे. रिकॉल क्लिअरन्सचं पत्र हातात येईपर्यंत मेहुण्याला एक डॉलरही देऊ नका. गाडी अमेरिकेत, त्याच्या नावावर, तिथल्या प्लेटवर असेपर्यंत तो तिथला ग्राहक आहे. डीलर त्याचं ऐकतो, काम तिथल्या सिस्टीममध्ये नोंदलं जातं, आणि पत्र तिथलं ऑफिस निमूट देतं. पूल ओलांडला की ती गाडी दोन्हीकडे सावत्र. काही कंपन्यांच्या बाबतीत डीलरने काढून दिलेलं प्रिंटआउट चालतं, काहींच्या बाबतीत नाही. तुमच्या कंपनीचं काय ते आरआयव्हीलाच आधी विचारा. आणि 'उपाय उपलब्ध नाही' असं दिसलं तर गाडीचा नाद सोडा, ती कितीही लाडक्या मेहुण्याची असली तरी.

तुम्ही पोस्टमध्ये खाली विचारलंय की नात्यातला व्यवहार आहे तर बिलावर एक डॉलर लिहिला तर चालेल का. नका. कस्टम्सवाल्यांकडे किमतींची पुस्तकं असतात, रक्कम फारच कमी वाटली तर ते त्यांच्या अंदाजाने कर लावतात, वर संशय येतो तो वेगळाच. भेट दिली म्हटलं तरी कर सुटत नाही. खरी रक्कम लिहा, बँकेतून पाठवा, स्लिप जवळ ठेवा.

ड्यूटीचं म्हणाल तर गाडीवरचं नाव बघू नका, व्हिनचं पहिलं अक्षर बघा. 1, 4 किंवा 5 असेल तर अमेरिकेत जोडलेली, J असेल तर जपानमधली, आणि त्यावर माझ्या वेळी 6.1 टक्के होते. ओहायोत बनलेली होंडा आणि जपानमधून आलेली होंडा ह्यांत कस्टम्सच्या दृष्टीने बराच फरक आहे. पण 2025 च्या एप्रिलपासून कॅनडाने प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर 25 टक्क्यांचं जे शुल्क लावलं, त्यामुळे माझं जुनं गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू पडणार नाही. मेहुण्याच्या गाडीला ते किती लागतं हे ब्रोकरकडून लेखी घ्या. पंधरा वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर आरआयव्हीच लागत नाही, पण तुमची तशी नाही.

पोस्टमधल्या कोष्टकात मांडलेली तुमची बचत 2,700 कॅनेडियन डॉलर आहे. माझी तीन हजार होती. भाड्याच्या गाड्या, टोइंग, नवी बॅटरी, आणि प्लेट नसलेल्या गाडीचा विमा धरून मी शेवटी साडेचारशे डॉलर नुकसानीत होतो, मनःस्ताप वेगळा. गाडी मात्र अजून चालते. फक्त स्पीडोमीटर मैलांत आहे.

मेहुण्याकडून व्हिनचा फोटो मागवा आणि आज रात्रीच टाकून बघा. रिकॉल दिसला तर त्याखालची ओळही वाचा.