पहिली लॅब (लॅब्रेडोर कुत्री) घरी एकटी रडते, तिला सोबत म्हणून दुसरं पिल्लू आणावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात २ बीएचके आहे, दोघंही नोकरीला, लॅब मादी तीन वर्षांची आहे, तुम्ही बाहेर पडलात की ती रडते, दाराला ओरखडे काढते आणि शेजारचे तक्रार करतात. माझं स्पष्ट मत, या कारणासाठी पिल्लू आणू नका. आधी तिचं रडणं बघा.

अशी कुत्री बहुतेक वेळा माणसासाठी रडतात, शेजारी दुसरं कुत्रं असलं तरी कुलूप लावल्याचा आवाज आला की दाराशी जाऊन बसतात. आणि नवीन आलेलं कुत्रं बरंच काही पहिल्याकडूनच उचलतं, आमच्याकडे बेलवर फक्त भुरी भुंकायची, चिकू आल्यावर थोड्याच दिवसात तोही तिच्या बरोबरीने सुरू झाला. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांना एकाऐवजी दोन आवाज.

एक दिवस मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. तुम्ही निघाल्या निघाल्या सुरू होत असेल, धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, आवडता खाऊ ठेवला तरी तोंड लावत नसेल तर ती खरंच घाबरतेय, मग काही सेकंद बाहेर जाऊन परत आत, ती शांत असतानाच यायचं, असं हळूहळू वाढवत न्यायचं, आणि व्हेटशी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांशी, बोला कारण काहींना सोबत औषधही लागतं. दोन-तीन तासांनी उठून उद्योग करत असेल तर तो कंटाळा आहे, सकाळचं फिरणं वाढवा, वास घेत रमतगमत फिरू द्या, दुपारी कोणीतरी येऊन खाली नेईल असं बघा.

हे झाल्यावरही तुम्हाला स्वतःला दुसरं कुत्रं हवं असेल तर जरूर आणा, दोन कुत्र्यांचं घर फार छान असतं. पण पिल्लू नको, प्लीज. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू दिवसाही काही तासांच्या वर सू धरू शकत नाही, लसीचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि पार्व्हो या विषाणूजन्य आजाराच्या भीतीने तोवर खाली रस्त्यावर सोडता येत नाही, तुम्ही दोघं ऑफिसात असताना हे करणार कोण? दीड-दोन वर्षांचा, नसबंदी झालेला शांत देशी नर बघा. तुमच्या मादीचीही नसबंदी झालेली असू दे. नर-मादी जोडी सहसा जास्त निभते, दोन माद्यांचं एकदा बिनसलं की भांडणं फार वाईट होतात.

लगेच दत्तक घेऊ नका, आधी फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, आणा. पुण्यात रेस्क्यू करणाऱ्यांना फोस्टर घरं कायम हवी असतात. आणण्याआधी गोचीड, जंत, लसी सगळं तपासून घ्या. पहिली भेट घरात नको, मोकळ्या रस्त्यावर दोघांचे पट्टे दोन माणसांच्या हातात, पट्टा सैल, मधे अंतर ठेवून एकाच दिशेने चालवत न्यायचं, मग हळूहळू जवळ. घरात ताटं वेगळ्या खोल्यांत, हाडूक-खेळणी सुरुवातीला उचलून ठेवायची, आणि तुम्ही घरी नसताना दोघं काही आठवडे तरी वेगवेगळ्या खोल्यांत. तुमची लॅब गुरगुरली तर ओरडू नका, ती सांगतेय की लांब राहा, तिला जागा द्या. गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी ती न सांगता चावेल.

पैशाचंही बघा, जेवण, लसी, गोचिडीचं औषध, महापालिकेचा परवाना, सगळं दुसऱ्यासाठी वेगळं. पण मला त्याहून जास्त वाटतं ते गावी जाण्याचं. गणपतीला, दिवाळीला एक कुत्रं आनंदाने ठेवून घेणारी मावशी दोन म्हटल्यावर विचार करते, बोर्डिंगवाले सुट्टीत आधीच भरलेले असतात, आणि रात्री-अपरात्री व्हेटकडे पळायची वेळ आली तर एकाला घेऊन रिक्षात बसताना दुसऱ्यापाशी कोण थांबणार हे आजच दोघांनी बसून ठरवा.

फोस्टरच्या काळात तुमची लॅब नीट जेवतेय का, नेहमीच्या जागी झोपतेय का, त्याच्याशी खेळायला स्वतःहून जातेय का यावर लक्ष ठेवा. ती कोपऱ्यात, पलंगाखाली जास्त राहायला लागली आणि काही आठवड्यांनंतरही तसंच असेल तर त्या नव्या कुत्र्यासाठी दुसरं घर शोधायला मदत करा.