रहस्यकथा तुमच्याच तालुक्यात घडू द्या

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात (जि. सांगली) राहतो. साखर कारखान्याच्या शेती विभागात चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा कर्मचारी आहे. मुंबईतल्या एका खासगी गुप्तहेरावर कादंबरी लिहून झाली आहे, पण डोक्यात सारखं आमच्या भागातलंच कथानक घोळतं. एक प्रकाशक म्हणाले, "गावाकडचं रहस्य सांगली-कोल्हापूरबाहेर कोण वाचणार?" रहस्यकादंबरीकार म्हणून उभं राहायचं तर सुरुवात कुठून करू? नोकरी सोडू का?

उत्तर : नोकरी सोडू नका. घरखर्चाचा प्रश्न आहेच, पण मी हे तुमच्या लेखनासाठी सांगते आहे. कोणाच्या उसाच्या फडाला कधी तोड आली, टोळी कोणत्या मुकादमाची, ट्रॅक्टर कोणाचा, वजनकाट्यावर किती भरलं, हे सगळं तुमच्या डोळ्यांखालून जातं. एवढा ऐवज जवळ असताना मुंबईतला गुप्तहेर कशाला उसना आणायचा?

जळालेल्या उसाचंच पाहा. पेटलेल्या उसाला तोड लवकर द्यावी लागते, कारण तो फार दिवस ठेवला की वजन आणि साखर दोन्ही घटतात. बिलात कपात होते ती वेगळीच. त्यामुळे रात्री फड पेटला की गाव काय म्हणतं? तोड मिळत नव्हती, म्हणून मालकानंच काडी लावली असणार. त्या आगीमागे वेगळंच कारण असेल, तर ते लपवायला याहून चांगला आडोसा कुठला? सगळं गाव आपणहून चुकीचं उत्तर देऊन मोकळं झालेलं असतं. आता तुमच्या चिठ्ठ्या काढा. जेवढं क्षेत्र जळालं त्या मानाने टनेज जुळत नाही, किंवा तोडीची तारीख आगीच्या आधीची निघते. ही खूण ज्याच्या नजरेला पडेल तो माणूस वाळव्यातच सापडेल, मलबार हिलवर नाही.

प्रकाशकांच्या शंकेला माझ्या अनुभवातून उत्तर देते. मी रत्नागिरी जिल्ह्यात तलाठी होते आणि माझ्या कादंबऱ्यांची नायिकाही तलाठी आहे. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात, मुंबईला गेलेले भाऊबंद एकमेकांना ओळखतही नाहीत. माझं रहस्य बहुतेक वेळा वारस नोंदीत दडलेलं असतं. मला सर्वांत आपुलकीची पत्रं येतात ती विदर्भातून. तिथे आंब्याचं कलम नाही की समुद्र नाही, पण भावानं परस्पर फेरफार करून घेतल्याचं दुःख त्यांना समजावून सांगावं लागत नाही. गाव जितकं नेमकं उतरेल तितकी कथा लांब पोहोचते, अशी माझी खात्री आहे.

आता तपास कोण करणार ते ठरवा. आपल्याकडे खासगी गुप्तहेराला खुनाचा तपास करण्याचा, अटक करण्याचा अधिकार नाही. त्याला घटनास्थळी मोकळेपणी वावरताना दाखवलं की जाणत्या वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. तुमच्यासाठी मला पोलीस पाटील फार योग्य वाटतात. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला हा माणूस गावातलाच असतो, संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं हे त्याचं कर्तव्य असतं, आणि संशयितांपैकी निम्मे त्याच्या भावकीतले असतात. कर्तव्य आणि नातं यांच्यामध्ये सापडलेला तपास करणारा मिळाला, तर पुढच्या पाच कादंबऱ्यांचं बळ त्यात आहे.

कायद्याच्या तारखा सांभाळा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यानंतरचा खून असेल तर कलम ३०२ लिहू नका, भारतीय न्याय संहितेचं १०३ लिहा. अकस्मात मृत्यूच्या चौकशीचं जुनं कलम १७४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झालं आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, म्हणजे पंचांना बाजूला उभं करून वस्तू गुपचूप ठेवण्याचा जुना प्रसंग तसाच्या तसा वापरता येणार नाही. एक छान साधन मात्र नव्यानं हाती आलं आहे : २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी. शेतकरी आपल्या मोबाइलवरून पिकाचा फोटो काढतो आणि त्यासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. 'मी त्या दिवशी शेताकडे फिरकलोच नाही' म्हणणाऱ्याला अडचणीत आणायला एवढं पुरे.

पैशांचं स्पष्टच बोलते. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांनी प्रत्येकी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या काळी गल्लोगल्लीच्या वाचनालयांतून त्या छोट्या पुस्तकांवर उड्या पडत. ती व्यवस्था आता उरलेली नाही. आज ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के मानधन धरलं, तर १,००० प्रतींची आवृत्ती संपल्यावर हाती ३०,००० रुपये येतात, आणि आवृत्ती संपायला एखाद-दोन वर्षं सहज लागतात. म्हणून एकाच पुस्तकावर भार टाकू नका. तोच तालुका, तोच पोलीस पाटील घेऊन मालिका लिहा. तिसरं पुस्तक आलं की वाचक पहिलं शोधत येतो. त्याआधी दिवाळी अंकांना कथा पाठवा. 'धनंजय' आणि 'नवल' यांनी रहस्याला आणि गूढाला कायम मानाचं पान दिलं आहे. उन्हाळ्यात गळीत हंगाम संपला की लिहायला बसा, पाऊस लागेपर्यंत कथा संपादकांच्या हाती पडू द्या. दिवाळी जवळ आल्यावर पाठवलेली कथा वाचायला कोणाला वेळ नसतो.

आणि करार वाचल्याशिवाय सही नको. ऑडिओ पुस्तक, वेब मालिका, चित्रपट, अनुवाद हे हक्क छापील पुस्तकापासून वेगळे लिहून घ्या. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढी एकच ओळ असेल तर ती बदलून मागा, संकोच करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. तुम्ही दिलेला हक्क प्रकाशकानं वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो हक्क तुमच्याकडे परत येतो. मुंबईच्या गुप्तहेराचं हस्तलिखित बाजूला ठेवा आणि जळालेल्या फडाचं पहिलं प्रकरण लिहून मला पाठवा. मी मनापासून वाचेन.