नागपूरहून रविवारी सायकलनं बाहेर पडायचंय. ग्रुप लावू का? रस्ता कोणता, सायकल कोणती?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: रस्ता, चाळीस हजारांत सायकल आणि ग्रुप. पहिल्या दोन्हींची उत्तरं तुम्हाला कोणीही देईल. मी लिहायला बसले ती तुमच्या एका वाक्यामुळे. "मी हळू चालवतो, पण ग्रुपवाले सांभाळून घेतील ना?"

सगळे घेत नाहीत. म्हणून आधी विचारून घ्या आणि तोंडावर विचारा, की वाटेत कोणाची सायकल पंक्चर झाली तर किती जण थांबता? समोरचा उत्तर द्यायला घुटमळला तर तो ग्रुप तुमच्या कामाचा नाही.

मी राहते झिंगाबाई टाकळीला. काटोल रोड जवळ, त्यामुळे सुरुवातीला त्याच बाजूच्या एका ग्रुपबरोबर जात होते. ग्रुप चालवणारे एक सर होते, वयानं मोठे, पायात दम असलेले. त्यांचे नियम ठरलेले. उजाडायच्या आत निघायचं, सरासरी ताशी 22 किलोमीटरच्या खाली येऊ द्यायची नाही, कळमेश्वरला तर्री पोहे खायचे आणि उन्हं चढायच्या आत घरी. मधे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, मागे पडला त्यानं आपलं आपण पाहावं. हे नियम ते अभिमानानं सांगत आणि बाकीचे मान डोलावत.

जानेवारीतला एक रविवार होता, थंडी अशी की हँडलवर बोटं वळत नव्हती. इंजिनिअरिंगला असलेली एक पोरगी भावाची सायकल घेऊन पहिल्यांदाच आली होती. गोरेवाडा मागे पडल्यावर फेटरीच्या वाटेवर तिच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. सरांनी मान वळवून पाहिलं, "करून घ्या, पुढे भेटू" म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागे सगळी रांग गेली. अंधार पुरता फिटला नव्हता, रस्त्यावर ट्रक चालू होते आणि त्या पोरीजवळ ना ट्यूब, ना पंप, ना तो रस्ता ओळखीचा. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. मी थांबले.

माझ्याजवळ जादा ट्यूब होती, पण ती तिच्या चाकाला बसेना. तिच्या सायकलला तो बारीक, लांब, पितळी मुंडीचा प्रेस्टा व्हॉल्व्ह. माझ्या ट्यूबला मोटारसायकलचा असतो तसा जाड. तिच्या रिमचं भोक लहान, जाड व्हॉल्व्ह त्यातून जातच नाही. शेवटी सायकली ढकलत पुढच्या फाट्यावर आलो. तिथं टपरीवर जुना टायर टांगलेला आणि आत एक भाऊ मंजन करत उभे. चूळ भरून त्यांनी लगेच चाक काढलं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले, कानशीनं घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच बसवला. पंक्चर काढायला दहा मिनिटं पुरेशी झाली. हवा भरायला अर्धा तास लागला, कारण त्यांच्या पंपाचं तोंड त्या बारीक व्हॉल्व्हला धरेना. "हे कायचं नळकांडं होय ताई?" म्हणाले, पण सोडलं नाही. पंपाचं तोंड काढून टाकलं, रबरी नळी तशीच व्हॉल्व्हवर चढवली, फुटक्या ट्यूबची पट्टी कापून वरून करकचून बांधली आणि घामाघूम होईपर्यंत पंप मारला. अर्धीअधिक हवा भरली. पैसे घेतले ते फक्त पंक्चरचे.

तोवर दुधाचे कॅन लावलेली काळी सायकल घेऊन एक म्हातारे बाबा आपली पाळी येण्याची वाट पाहत बसले होते. ते म्हणाले, "थे गोटे पाहाले आल्या का बाई? शहरातले लोकं येत असतात कधी कधी." कोणते गोटे, विचारलं. त्यांनी जुनापाणीची वाट सांगितली.

त्या रोडनं मी कितीतरी रविवार गेले होते आणि मला ते माहीत नव्हतं. ग्रुपमध्येही कोणी कधी बोललं नव्हतं. अर्ध्या हवेच्या चाकावर आम्ही दोघी हळूहळू तिकडे गेलो. झुडपी माळ, पिवळं वाळलेलं गवत, आणि त्यात काळ्या दगडांची वर्तुळं. एक दिसलं म्हणेपर्यंत दुसरं, मग तिसरं. जुनापाणीला अशी 300 च्या आसपास शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातली, म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी दफनं आहेत ती. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं खणून पाहिलं आणि त्यावर लिहिलं, तेव्हापासून अभ्यासक येत राहिले आहेत. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खड्डे कोरलेले आहेत, अगदी सरळ ओळीत, कुठे एकमेकांना छेदणाऱ्या ओळींत. ती पोरगी गुडघ्यांवर बसून एकेका खड्ड्यात बोट घालून पाहत होती. हात न लावता पाहायला हवं, हे मी तिला सांगितलं, तुम्हालाही सांगते. दगडांवर चढू नका, आत चूल पेटवू नका. जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिथून फार लांब नाही ते माहुरझरी, जिथं जुन्या काळी रंगीत दगडांचे मणी घडवत. बुटीबोरीकडच्या टाकळघाटलाही याच काळातली वर्तुळं आहेत. नागपूरच्या माणसाला अजिंठ्याला जाऊन आल्याचं कौतुक असतं आणि घरापासून सायकलच्या अंतरावर हे पडलेलं असतं.

दुपारी ग्रुपवर सरांचा मेसेज आला: "ज्यांना पिकनिक करायची आहे त्यांनी वेगळा ग्रुप काढावा. इथे सायकलिंग होतं." त्या मुलीची चौकशी नाही. ती घरी पोचली का, हेसुद्धा नाही. मी तिथं एवढंच लिहिलं की नवीन पोरीला अंधारात रस्त्यावर सोडून जाणं याला सायकलिंग म्हणत असाल तर माझी तयारी नाही, आणि बाहेर पडले. आता आम्ही तिघी-चौघी जातो. ती मुलगीही असते.

सरांचं म्हणणं अजूनही कानावर येतं, की हळू चालवून काही होत नाही, अंगाला व्यायाम लागत नाही. हे चूक आहे. शेजारच्याशी बोलत बोलत चालवता येईल अशा चालीनं दोन-तीन तास सायकल चालवणं, हाच दम वाढवण्याचा पाया आहे. मोठमोठ्या शर्यतींची तयारी करणारेसुद्धा बरेचसे तास याच चालीनं काढतात. आणि व्यायामच पाहिजे असेल तर फुटाळ्याला चकरा मारता येतात, सेमिनरी हिल्सचा चढ आहे. गावाकडे जायचं ते गाव पाहायला. काटोल-कळमेश्वरच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री उतरतात, बागेच्या कडेला पेट्या भरत असतात. फेब्रुवारी सरता सरता पळस पेटतो, पाठोपाठ मोहाचा वास येतो. हे सगळं मान खाली घालून, मनगटावरचा आकडा पाहत पार करायचं असेल तर घरात रोलरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या साधनावर, चालवावी.

आता रस्ते.

मी हायवेच्या विरोधात आहे. "खांदा रुंद असतो, हायवेच सुरक्षित" असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. त्या खांद्यावर उलट्या दिशेनं मोटारसायकली येतात, पंक्चर झालेले ट्रक उभे असतात, गिट्टी सांडलेली असते. रामटेक सगळ्यांच्या तोंडी असतं, पण कामठी-कन्हान-मनसर हा रस्ता म्हणजे श्रीनगर-कन्याकुमारीचा 44 नंबर. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर त्यावर काढणं नवीन माणसाचं काम नाही. अमरावती रोडला वाडीतली ट्रान्सपोर्टची गोदामं ओलांडेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. सावनेर रोडला कोळशाचे आणि राखेचे टिप्पर. समृद्धीवर तर सायकलला मनाईच आहे, मोटारसायकलसुद्धा चालत नाही. शिवमडक्याला जाऊन परत फिरावं लागेल.

सुरुवातीला हिंगण्याच्या पुढे मोहगाव झिल्पीच्या तलावापर्यंत जा. एमआयडीसीची शिफ्ट सुटायच्या-भरायच्या वेळा टाळा, पुढचा रस्ता मोकळा आहे. पाय बसले की कळमेश्वरवरून धापेवाडा: चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचं देऊळ, पुढे थोड्या अंतरावर आदासाचा गणपती. आले त्याच रस्त्यानं परता, सावनेरकडे वळून गोल पूर्ण करायच्या मोहात पडू नका.

दिशेचा एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. सकाळी पूर्वेकडे, म्हणजे भंडारा किंवा उमरेड रोडनं निघालात तर ऊन तुमच्या तोंडावर येतंच, पण तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांवर येतं. काचेवर धूळ असेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. हिवाळ्यात सूर्य बराच वेळ खाली राहतो, तेव्हा हे जास्त. म्हणून सकाळचं जाणं पश्चिमेकडे ठेवा: काटोल रोड, हिंगणा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

एप्रिल-मे मध्ये मात्र कुठलीच दिशा बरी नाही. आपल्याकडे 45 अंश ही नेहमीची गोष्ट आहे. साडेआठच्या आत उंबरठ्याच्या आत या. पावसाळ्यात डांबर सोडू नका. काळी माती ओली झाली की मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी भरते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

सायकल. चाळीस हजार घालवू नका, निम्म्यात काम होतं. साधी हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली, घ्या, पुढे सस्पेन्शन नको, टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंद. आणि दुकानात पहिल्यांदा व्हॉल्व्ह पाहा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेलीच घ्या. मग कुठल्याही फाट्यावरच्या टपरीत, कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. प्रेस्टाच असेल तर त्यावर चढवायचं पितळी टोपण मिळतं, ते सायकलला कायमचं बांधून ठेवा. उरलेल्या पैशांत दोन दिवे, हेल्मेट, दोन ट्यूबा आणि पंप. जुनी काळी सायकल घरी पडलेली असेल तर तीच तेलपाणी करून काढली तरी झिल्पी होतं. दूधवाले बाबा रोज त्याहून जास्त चालवतात, तेही कॅन लादून.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर एका ग्रुपचा राग मी सगळ्या ग्रुपांवर काढते आहे असं होईल. वेगाशी माझं भांडण नाही. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करायची सायकल शर्यत, जवळपास 4,800 किलोमीटर, 12 दिवसांच्या मुदतीत एकट्यानं पूर्ण केली, तेव्हा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. तुम्हाला पुढे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची असेल, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, तर शिस्तीचा ग्रुप लागेलच आणि तिथले लोक शिकवतीलही. नागपुरात थांबणारे, मागच्याला पुढे घेणारे ग्रुप आहेत. माझा आक्षेप माणूस मागे टाकण्याला आहे. सर हे वाचत असतील तर त्यांनाही हेच सांगते: त्या दिवशी तुम्ही सगळे तिथं दहा मिनिटं थांबला असता तर कळमेश्वरचे पोहे संपले नसते.

पहिल्या महिन्यात किती किलोमीटर, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. ते मी सांगणार नाही, तुमचे गुडघे सांगतील. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर आधी सीट वर करून पाहा, बहुतेकांची ती फार खाली असते. मला गुडघ्याचा जुना त्रास नाही, तुम्हाला असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

आणि कुत्रे. गावात शिरताना अंगावर येतात. जोरात पळवू नका, ते त्याहून जोरात पळतात. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि चालत पुढे जा. दारातून कोणीतरी ओरडून त्याला बोलावतंच. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, मलमपट्टीवर भागवू नका.