भावाला बायपोलर आहे असं सांगितलंय. बार्शीत राहून चांगला डॉक्टर आणि थेरपी कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की २४ वर्षांच्या भावाला बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी पार खचतं असा आजार, असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, घरचे त्याला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणतायत, आणि आईला भीती आहे की गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटणार नाहीत. मी डॉक्टर नाही. मी स्वतः बायपोलरची पेशंट आहे. तासगावला राहते, वय ४१, जवळजवळ १० वर्षं उपचार चालू आहेत. जे सोसलं आणि जे कामाला आलं ते सांगते.

पुण्याचा हट्ट धरू नका. या आजाराला नावाजलेल्या डॉक्टरपेक्षा पुन्हापुन्हा भेटणारा डॉक्टर लागतो. सुरुवातीला दर १५ दिवसांनी जावं लागतं, औषधाचं प्रमाण कमीजास्त करावं लागतं, मध्येच काही झालं तर दुसऱ्या दिवशी गाठता यावं लागतं. आम्हीही आधी मोठ्या शहरातच गेलो होतो. पहाटे ४ ची गाडी, दवाखान्यात तीन तास बसणं, आत आठ-दहा मिनिटं, रात्री ११ ला घरी. बायपोलरमध्ये झोप मोडणं म्हणजे आगीत तेल, आणि आमची प्रत्येक खेप झोप मोडूनच व्हायची. तिसऱ्या खेपेनंतर जाणंच थांबलं.

तिथे चूक काय झाली तेही सांगते, कारण तुमच्या भावासाठी डॉक्टर निवडताना हीच गोष्ट बघायची आहे.

२०१५ च्या दिवाळीत मी फराळाचा धंदा काढला. ठरवून नाही, एका रात्रीत. पाटल्या गहाण ठेवल्या, पातळ पोह्यांची पोती आणि तुपाचे डबे घरात येऊन पडले. ४०० घरांना फराळ पोचवायचा असं मी स्वतःच जाहीर करून टाकलं. रात्री दोन-अडीच तास झोपायचे आणि पुन्हा कढईसमोर उभी. थकवा म्हणून नाही. बोलायला लागले की समोरच्याला शब्द टाकायला जागा नसायची. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, हिला केवढा उरक आहे! कुणालाच तो आजार वाटला नाही, मला तर नाहीच. मग माघात मी अंथरुणाला खिळले. आंघोळ नको, जेवण नको, मुलीच्या वेणीला हात लावायची ताकद नाही. तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तिथे आम्ही फक्त माघ सांगितला, दिवाळी सांगितलीच नाही, आणि त्यांनीही विचारली नाही. नैराश्याची गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात मी पुन्हा वर उडाले. मूड स्थिर ठेवणारं औषध सोबत नसताना नुसती नैराश्याची गोळी बायपोलरच्या माणसाला असं वर ढकलू शकते, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे सांगलीत ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “कमी झोपूनही थकवा आला नाही, असे दिवस कधी आले होते का?” मी नाही म्हटलं. त्यांनी सासूबाईंना आत बोलावून तोच प्रश्न विचारला. सासूबाई म्हणाल्या, “दिवाळीत ही रात्र रात्र कढईपुढं होती की.” निदान तिथे लागलं.

म्हणून चांगला मानसोपचारतज्ज्ञ ओळखायची माझी खूण हीच: तो उतरतीबरोबर चढतीचंही विचारतो, आणि घरच्या माणसाचं ऐकतो. चढतीत असलेल्या माणसाला आपण आजारी आहोत हे पटत नाही, ते बाहेरूनच दिसतं. शिवाय नात्यात कुणाला असा आजार किंवा आत्महत्या झाली आहे का, थायरॉइडची तपासणी केली का, दारू किंवा नशा आहे का, हेही विचारलं गेलं पाहिजे. डिग्री बघा: मानसोपचारातली एमडी, डीएनबी किंवा डीपीएम.

बार्शीहून तुम्हाला सोलापूर बरं पडेल. तिथल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. सरकारी म्हणून नाकं मुरडू नका. मेडिकल कॉलेजात शिकाऊ डॉक्टर पहिल्या भेटीत सविस्तर इतिहास लिहून घेतात आणि वरिष्ठ तो तपासतात. एवढा वेळ खासगीत क्वचितच मिळतो. निदानाबद्दल शंका राहिलीच तर एकदा पुणे, मुंबईचं केईएम किंवा बंगळुरूचं निमहान्स इथे दाखवून या, पण नेमाने जाण्यासाठी जवळचाच डॉक्टर ठेवा.

आता थेरपी. यात सगळ्यात जास्त फसगत होते, कारण समुपदेशक म्हणून कुणीही पाटी लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजीत एमफिल आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी, एवढं विचारून घ्या. विचारण्यात लाजायचं काही नाही. मग दोन प्रश्न: बायपोलरचे पेशंट तुम्ही बघता का, आणि गरज पडली तर आमच्या डॉक्टरांशी बोलाल का? जो थेरपिस्ट “गोळ्या सोडा, मनाने बरे व्हा” म्हणेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. चढती ऐन भरात असताना थेरपीचा उपयोग नसतो. आधी औषधाने माणूस जमिनीवर येऊ द्या. बार्शीत कुणी नसेल तर व्हिडिओ कॉलवर होते. माझी पहिल्या वर्षाची निम्मी थेरपी तशीच झाली.

थेरपीत नेमकं काय करतात, असंही तुम्ही विचारलंय. बालपणाच्या गप्पा हा त्यातला छोटा भाग. माझ्याकडून त्यांनी आधी झोपेची वही लिहून घेतली: कधी आडवी झाले, कधी उठले, दिवस कसा गेला. तीन महिन्यांत मलाच दिसलं की चढतीच्या आधी झोप कमी होते, कारण काहीही असो, लग्नघर, परीक्षेची जागरणं, नवरात्रातला गरबा. मग नवऱ्याला आणि सासूबाईंना सोबत बसवून एक कागद केला. तो आजही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलंय: सलग दोन रात्री झोप चार तासांपेक्षा कमी, भिशीच्या ग्रुपवर पहाटे मेसेज, नव्या धंद्याची कल्पना, कुणी टोकलं की चिडचिड. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की नवऱ्याने डॉक्टरांना फोन करायचा, आणि मी एटीएम कार्ड आणि फोनमधलं पैशांचं ॲप त्याच्या ताब्यात द्यायचं. हे मी बरी असताना माझ्या सहीने ठरलंय, त्यामुळे त्या वेळी अपमान वाटला तरी मी देते. आतापर्यंत तीनदा दिलंय.

तुमच्या आईंना सांगा, या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मधुमेहाची गोळी रोज लागते म्हणून तिला आपण व्यसन म्हणत नाही. किती वर्षं घ्यायच्या ते डॉक्टर आजाराचा इतिहास बघून ठरवतात. पुष्कळांना दीर्घकाळ घ्याव्या लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मी दुसऱ्या वर्षी बरं वाटतंय आणि हात थरथरतात म्हणून लिथियम, म्हणजे माझं मूड स्थिर ठेवणारं औषध, मनानेच एकदम बंद केलं होतं. दोन महिन्यांत १७ दिवस ॲडमिट. तेव्हा मुलगी तिसरीत होती, तिच्या स्नेहसंमेलनाला मी नव्हते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते प्रमाण बदलतात, औषध बदलतात.

लिथियम सुरू झालं तर पथ्य समजून घ्या. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १ च्या दरम्यान ठेवतात. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, आणि थायरॉइड दर सहा महिन्यांनी. उलट्या-जुलाब, उन्हातलं काम किंवा पाण्यावाचून उपास यांनी पातळी धोक्याइतकी वाढू शकते. अंगदुखीवर दुकानातून घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकनेही तसंच होतं. हात जोरात कापणं, तोल जाणं, जीभ अडखळणं असं काही दिसलं तर थेट दवाखाना. लिथियम सुरू झाल्यावरच्या पहिल्या हरतालिकेला, निर्जळी उपास जमणार नाही हे मी घरात कसं सांगू, याचंच ओझं होतं. सकाळी सासूबाईंनीच तांब्या-भांडं आणून समोर ठेवलं आणि म्हणाल्या, “पाणी पी, देवीला मी सांगते.” (कुणी बहीण हे वाचत असेल तर: व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं दुसरं औषध लिहून दिलं असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर डॉक्टरांशी आजच बोला. गर्भाला त्याचा मोठा धोका असतो. पण स्वतःहून बंद करू नका.)

भाऊ सलग दोन-तीन रात्री झोपला नाही, अंगावर धावून जातोय किंवा मरणाचं बोलतोय, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर घरात सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. २४ तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि तो बरा असताना त्याच्याकडून एक लिहून घ्या: पुन्हा तब्येत बिघडली तर माझ्या वतीने कुणी बोलायचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये अशा नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे. तुम्हीच व्हा, तो तुमच्यावर विश्वास ठेवतोय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, तेव्हा पॉलिसी असेल तर काढून वाचा.

सोलापूरला जाल त्या दिवशी सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग लवकर वाढते. आत्तापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. आणि आज रात्रीच आईला शेजारी बसवून एका कागदावर लिहून काढा, गेल्या चार-पाच वर्षांत भाऊ कधी कधी नेहमीपेक्षा फार आनंदात, फार घाईत किंवा फार खर्चात होता, आणि तेव्हा तो किती झोपत होता. डॉक्टरांच्या हातात आधी तो कागद द्या.