मिरजेतल्या मित्राच्या यामाहा पीएसआर-एसएक्स७०० कीबोर्डमधला विकतचा ढोलकी-हलगीच्या आवाजांचा पॅक माझ्या सांगलीतल्या त्याच मॉडेलवर चालेल का?

नाही, मॉडेल तेच असलं तरी चालणार नाही. या कीबोर्डमध्ये ‘इन्स्ट्रुमेंट इन्फो’ पेनड्राइव्हवर काढायची सोय असते. त्यातून .एन२७ फाइल मिळते आणि तिच्यात त्या एकाच वाद्याची ओळख असते. विक्रेता ती फाइल मागून घेतो आणि पॅक तेवढ्या वाद्यापुरता कुलूपबंद करतो. मित्राची फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी कॉपी होईल, पण तुमचा कीबोर्ड ती लोड करणार नाही. फाइलचं नाव बदलूनही काही होत नाही. तेव्हा तुमच्या कीबोर्डची .एन२७ फाइल काढा, ती विक्रेत्याला पाठवा आणि रीतसर विकत घ्या. खरी हलगी चांगल्या माइकवर रेकॉर्ड करून, एकेक ठोका कापून बसवायला फार मेहनत लागते, ते पैसे सत्कारणी लागतात. हे सगळं फक्त कुलूपबंद, म्हणजे .सीपीआय पॅकला लागू आहे. मित्राने स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज यामाहा एक्सपान्शन मॅनेजर या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून बिनकुलुपाचा .पीपीआय पॅक बनवला असेल, तर तो खुशाल घ्या. मात्र पॅक टाकताना आधी टाकलेले एक्सपान्शन, म्हणजे बाहेरून भरलेले जादा आवाज पुसले जातात. जुने हवे असतील तर दोन्ही एकत्र करूनच फाइल बनवा.