रात्री नऊचा फोन

पत्र : ताई, नमस्कार. मानेवाड्यात माझं बावीस वर्षांपासून मेडिकलचं दुकान आहे. फार्मासिस्ट पगारी ठेवलेला आहे. भिंतीवरच्या फ्रेममध्ये त्याचं नाव आहे, तिथे माझ्या पोरीचं नाव लागावं एवढीच इच्छा. ती बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला, तिसऱ्या सेममध्ये आहे. नागपुरात नंबर लागला नाही. सत्तर किलोमीटरवर, हायवे सोडून आत असलेल्या कॉलेजात लागला. आम्हाला बरंच वाटलं. जागा शांत, मोबाइलला रेंज नाही, म्हणजे अभ्यासाशिवाय दुसरा उद्योग नाही. पण दुसऱ्या सेममध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री राहिले. मी रोज रात्री नऊला फोन करून आढावा घेतो. रेंजसाठी तिला होस्टेलच्या गच्चीवर यावं लागतं. महालक्ष्म्यांना घरी आली तर दोन दिवस झोपूनच होती. परत जायचं नाही म्हणे. समजावून गणेशपेठेतून बसमध्ये बसवून दिलं. मागच्या आठवड्यात म्हणाली, "बाबा, रात्रभर झोप लागत नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधडते." दुकानातल्या झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी पाठवली. आता तिचं वर्ष वाया जाणार काय? जीपॅटचा क्लास आत्तापासूनच लावावा काय? – एक वडील, नागपूर

भाऊ, नमस्कार.

जीपॅटचं आधी उरकून घेते. ती परीक्षा एम.फार्म.साठी असते आणि शेवटच्या वर्षात गेल्यावर देता येते. तो क्लास, त्याची फी आणि तो विषय सध्या बंद.

आता गोळ्या. तुम्ही नाव लिहिलं आहे, मी इथे छापत नाही. पण ती शेड्यूल एच-वनमधली गोळी आहे, हे बावीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला मी सांगावं काय? अनोळखी गिऱ्हाइकाने चिठ्ठीशिवाय मागितली असती तर तुम्ही हात जोडले असते. तिच्या विक्रीचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, तीन वर्षं जपावं लागतं, औषध निरीक्षक येऊन ते आधी मागतो. आणि पोटच्या पोरीला अख्खी पट्टी, ना चिठ्ठी, ना नोंद. जी मुलगी एकटी आहे, झोपत नाही, घाबरलेली आहे, तिच्या खोलीत ती पट्टी असता कामा नये. उद्या सकाळी स्वतः जा. किती घेतल्या ते न रागावता विचारा, उरलेल्या घेऊन या, आणि पुढे काय करायचं ते डॉक्टरला ठरवू द्या. वाटेत वाचायला म्हणून खालचं लिहिते आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी नऊच्या फोनपाशी अडले.

तिचा दिवस डोळ्यांपुढे आणून बघा. सकाळी मेसचा नाश्ता, मग लेक्चर, मग चार-चार तासांचं प्रॅक्टिकल. पाय दुखेस्तोवर उभं राहायचं, ॲप्रनला डाग, वर जर्नल पूर्ण करून सही घ्यायची. सेशनल, म्हणजे कॉलेजची अंतर्गत परीक्षा, जवळ आली की सब्मिशनही त्याच आठवड्यात. संध्याकाळी खोलीवर येते तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं. साडेआठला जेवण. आणि नऊच्या आधी मोबाइल घेऊन जिना चढते, गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ, जिथे दोन कांड्या रेंज मिळते तिथे उभी राहते. पावसाळ्यात एका हातात छत्री. घरचा आवाज ऐकायची दिवसातली तेवढीच वेळ. त्या वेळेत तुम्ही काय विचारता? शब्द तुमचाच आहे, आढावा. आढावा कलेक्टर घेतो भाऊ. बाप विचारतो, आज भाजी कोणती होती.

कॉलेजात व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सेमच्या शेवटी येते. तुमच्या मुलीची रोज रात्री नऊला असते, ते पण गच्चीवर उभं राहून. आणि अशाच एका व्हायवात तिने तुम्हाला सांगितलं की झोप लागत नाही. हे सांगायला तिला किती दिवस लागले असतील कोण जाणे. तुम्ही त्याचं उत्तर पट्टीने दिलंत आणि पत्रात पुढच्याच ओळीत मला विचारलंत, वर्ष वाया जाणार काय. तुम्हाला माया नाही असं मी म्हणत नाही. माया नसती तर पट्टी सत्तर किलोमीटर गेली नसती. पण ऐकण्याच्या जागी तुम्ही औषध दिलंत, आणि दुकानदाराच्या हातून ते सवयीने होतं.

अजून एक. दोन पानांच्या पत्रात तिच्या आईचा एकदाही उल्लेख नाही. महालक्ष्म्यांच्या गडबडीत पोरगी दोन दिवस पडून राहिली, तेव्हा आईने कपाळावर हात ठेवून काही विचारलं असेलच. ती काय म्हणाली हे तुम्ही आईला विचारलंत काय?

"जागा शांत, रेंज नाही, म्हणजे अभ्यास होतो." हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. अर्ध्या नागपूरच्या पालकांचा आहे, आणि माहितीपत्रकात 'निसर्गरम्य परिसर' छापणाऱ्यांनी तो वाढवला आहे. मी अशा कॉलेजांत मार्गदर्शनाला गेले आहे. दिवसा ठीक असतं. पण शिक्षक बहुतेक नागपूरहून ये-जा करणारे. संध्याकाळची बस सुटली की इमारतीत एक वॉचमन उरतो आणि होस्टेलमध्ये एक रेक्टर. सगळ्यात जवळची चहाची टपरी फाट्यावर, तीही अंधार पडला की बंद. नागपुरात शिकणारी मुलगी सेशनलमध्ये आपटली तर मैत्रिणीसोबत फुटाळा तलावावर जाते, रडते, भुट्टा खाते, घरी येऊन आईशी भांडते आणि झोपते. उतारा असतो. तुमच्या मुलीला तो नाही. तिच्या खोलीत दुसरी मुलगी आहे, तिचेही बहुधा दोन विषय राहिलेले, तीही रात्री छताकडे बघत पडलेली. आणि रेंज नाही म्हणजे नुसतं इन्स्टाग्राम बंद होत नाही. ऑरगॅनिकची एखादी रिॲक्शन अडली तर यूट्यूबवर समजावून घ्यायची सोयही बंद होते. गंमत बघा, फार्मसी कौन्सिलच्या नियमात थिअरीच्या इंटर्नल गुणांमध्ये तीन गुण विद्यार्थी-शिक्षक संवादाचे आहेत. ते तीन गुण संध्याकाळच्या बसने नागपूरला परत येतात.

याला मुलं आजकाल बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या शब्दाची जी व्याख्या केली ती नोकरीतल्या ताणाबद्दल आहे, आणि तिथे तो आजार म्हणून धरलेला नाही. पण त्यातल्या तीन खुणा, म्हणजे शक्ती संपणं, कामाविषयी मनात तिटकारा बसणं, आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं, या होस्टेलच्या पोरींमध्ये मी डोळ्यांनी बघितल्या आहेत. मात्र हे नुसतं थकणं आहे की नैराश्य, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि तुम्ही काउंटरवरून सांगू नका. झोप, भूक, आवडत्या गोष्टींतला रस, हे दोन आठवडे बिघडलेलं असेल तर डॉक्टर लागतो. आपल्याकडे मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढा आणि दाखवा. आपल्या शहरात मेंटल हॉस्पिटल असल्यामुळे मानसोपचार म्हटलं की लोकांच्या तोंडी लगेच 'पागलखाना' येतो. येऊ द्या. तुमच्या दुकानातून रोज किती घरांत या गोळ्या जातात हे तुमच्याइतकं मानेवाड्यात कोणाला ठाऊक आहे? आणि तिच्या बोलण्यात 'मी नसते तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही आलं तर ओपीडीची वाट बघू नका. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. तो तिच्याही मोबाइलमध्ये टाकून द्या.

आता वर्षाचं. दोन विषय राहिले म्हणजे वर्ष गेलं, हे तुम्ही धरूनच चालला आहात आणि मला वाटतं तिलाही रोज ऐकवलं आहे. नियम असा नाही. बी.फार्म.मध्ये पहिल्या तीन सेमचे राहिलेले विषय चौथ्या सेमच्या परीक्षेपर्यंत सोबत नेता येतात. अडतं ते पाचव्या सेमच्या दारात, तिथे पहिल्या आणि दुसऱ्या सेमचा एकही विषय राहिलेला चालत नाही. ती आत्ता तिसऱ्यात आहे. दुसऱ्या सेमचे राहिलेले विषय हिवाळी परीक्षेत देता येतात, नाही जमले तर उन्हाळीत, म्हणजे पाचव्या सेमआधी तिच्या हातात दोन संधी आहेत. पास व्हायला इंटर्नल धरून शंभरपैकी पन्नास लागतात, आणि इंटर्नलमधली सेशनल एकदा सुधारता येते. तिचे किती गुणांनी राहिले हे तुम्ही लिहिलं नाही. बघितले तरी आहेत काय? सेशनलमध्येच मार खाल्ला असेल तर ओझं थोडं तिथे हलकं होतं. एक हिवाळीत, एक उन्हाळीत, असं वाटून घेतलं तरी वर्ष जात नाही. हे तिला आढावा म्हणून नका सांगू, सुटका म्हणून सांगा.

तिला आठ दिवस घरी आणा. हजेरी जाईल म्हणाल. हजेरी ८० टक्के लागते, प्रत्येक विषयाची, थिअरीची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी. म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस नियमानेच सोडलेला आहे. क्लास टीचरला भेटून कोणत्या प्रॅक्टिकलला ती काठावर आहे ते बघा, डॉक्टरचा कागद द्या. हजेरीचे म्हणून जे चार गुण असतात त्यातले एक-दोन जातील. जाऊ द्या.

त्या आठ दिवसांत पुस्तकं बॅगेतच राहू द्या. नातेवाइकांना बोलावू नका. दुकानात बसवू नका, अगदी "थोडा वेळ ये, मन रमेल" म्हणूनही नाही. नंतर परत जाईल तेव्हा शनिवार-रविवार घरी येऊ द्या. एसटीत मुलींना अर्धं तिकीट आहे, तुमचा फार खर्च होत नाही.

कॉलेजात गेलात की प्राचार्यांनाही भेटा, पण भांडायला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जे निर्देश दिले, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा असं स्पष्ट आहे. चार वर्षांचा बी.फार्म. चालवणाऱ्या कॉलेजात शंभर विद्यार्थी सहज होतात. तुमच्याकडचे समुपदेशक कोण, कोणत्या दिवशी येतात, एवढंच लेखी विचारा. फलकावर नाव असेल आणि माणूस कोणी बघितला नसेल, तर तेही कळेल.

राहिली ती फ्रेम. दुकानाच्या भिंतीवर घरचं नाव असावं यात गैर काही नाही. दर महिन्याला दुसऱ्याच्या रजिस्ट्रेशनवर दुकान चालवताना जीव टांगणीला असतो, मला समजतं. पण नुसतं दुकानच डोळ्यांपुढे होतं तर दोन वर्षांचा डी.फार्म., त्यातलं प्रशिक्षण आणि कौन्सिलची नोंदणी एवढ्याने काम झालं असतं. तुम्ही चार वर्षांचा कोर्स निवडलात, आणि त्या चार वर्षांच्या शेवटी आपल्याच काउंटरवरचं एक स्टूल मांडून ठेवलंत. बी.फार्म. झालेल्या मुलीला उद्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीत जावंसं वाटेल, हॉस्पिटलमध्ये जावंसं वाटेल, औषध निरीक्षक होऊन तुमचंच रजिस्टर तपासावंसं वाटेल. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, फक्त खिळा आणि फ्रेम आहे. तो पगारी फार्मासिस्ट अजून पाच वर्षं ठेवावा लागला तर ठेवा. तो तुमच्या धंद्याचा खर्च आहे, तिची उधारी नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली की नाही माहीत नाही. ती "परत जायचं नाही" म्हणाली. "फार्मसी नको" असं तुमच्या पत्रात तरी कुठे नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्स सोडायचा, कॉलेज बदलायचं, की हेच पुढे न्यायचं, यातला एकही निर्णय ती नीट झोपायला लागेपर्यंत घेऊ नका, आणि घ्याल तेव्हा तुम्ही एकट्याने घेऊ नका.

उद्या जाताना आईलाही सोबत न्या. डबा न्या, त्यात पुरणपोळी असली तर उत्तम, तिने महालक्ष्म्यांना धड खाल्ली नसेल. परतीच्या वाटेवर कॉलेजचं ती काढेल तेव्हाच बोला. आणि तिला लिहावंसं वाटलं तर पुढचं पत्र तिचं येऊ द्या. ते तुम्ही वाचून पाठवायचं नाही.