वाचक विचारतात : नॅकच्या निमित्ताने एनर्जी ऑडिट

प्रश्न : मी विद्यापीठात फिजिक्स शिकवते. पुढच्या वर्षी नॅक (विद्यापीठाचं मूल्यांकन) आहे म्हणून आयक्यूएसीने (विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाने) एनर्जी ऑडिट, म्हणजे वीजवापराची तपासणी, माझ्या गळ्यात घातलंय. एक एजन्सी म्हणतेय, पंखे, ट्यूब, एसी किती ते एक्सेलमध्ये भरून पाठवा, आठवड्यात सर्टिफिकेट देतो. मला हे काही पटत नाहीये. एमएस्सीची मुलं हाताशी आहेत, खरंखुरं ऑडिट करायचं तर सुरुवात कुठून करू? – एक प्राध्यापिका, विदर्भ

उत्तर : मॅडम, पटत नाहीये तेच बरोबर आहे. पंखे मोजणं म्हणजे ऑडिट नाही, ती डेडस्टॉक रजिस्टरची कॉपी झाली. वीज वॅटनुसार जाते तशी तासांनुसारही जाते, आणि तासांचा कॉलम त्या एक्सेलमध्ये एकतर नसतो किंवा सगळीकडे डोळे मिटून 8 भरलेला असतो.

आधी अकाउंट्स सेक्शनमधून मागच्या 12 महिन्यांची एचटी (उच्चदाब जोडणीची) बिलं काढा. ती तिथे पेमेंट व्हाउचरला टाचलेली असतात, आणि एकूण रकमेपलीकडे सहसा कोणी बघितलेलं नसतं. त्यात कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी करारात ठरलेला भार) किती आणि प्रत्यक्ष नोंदलेली मॅक्सिमम डिमांड (त्या महिन्यातला सर्वांत जास्त भार) किती हे महिनावार लिहा. वर्षभर प्रत्यक्ष डिमांड कराराच्या निम्म्यावरच राहिली असेल तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करून घेण्याचा अर्ज हा बिनखर्चाचा पहिला उपाय, एकही बल्ब न बदलता. मग पॉवर फॅक्टर बघा, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा. 2020 पासून महावितरणचं एचटी बिल केव्हीएएचवर (फक्त कामी आलेल्या युनिटवर नाही, घेतलेल्या एकूण विजेवर) येतं, म्हणजे 1 लाख युनिट वापरले आणि पॉवर फॅक्टर 0.85 असला तर बिल साधारण 1 लाख 18 हजार युनिटांवर लागतं, तोच 0.98 असला तर 1 लाख 2 हजारांवर. पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर बँक कधीतरी बसवलेली असते, पण अर्धे कपॅसिटर केव्हाच मेलेले असतात. आणि छतावर सोलर बसवलं असेल तर जास्तच लक्ष द्या, कारण युनिट सोलर देतं पण रिअ‍ॅक्टिव्ह भाग (युनिटमध्ये न मोजली जाणारी वीज) ग्रिडकडूनच येत राहतो, त्यामुळे सोलर लागल्यावर पॉवर फॅक्टर पडला अशी तक्रार येते तेव्हा बिघाड काहीच नसतो, हिशोबच तसा आहे.

आता मुलांना कामाला लावा, पण एक अट, पॅनलचं दार वायरमनच उघडणार आणि टाँग टेस्टरही (तारेभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) तोच लावणार, मुलांनी फक्त आकडे लिहायचे. दिवाळीच्या सुट्टीत रात्री 11 ला आणि पहाटे 5 ला मेन मीटरचं रीडिंग घ्या. (डिस्प्लेवरचा फरक छोटा दिसला म्हणून खूश होऊ नका, बिलावर एमएफ (मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे गुणक) छापलेला असतो त्याने गुणायचं.) कॅम्पस रिकामा, सगळे झोपलेले, तरी तासाला 40-50 युनिट जात असतील तर ते कुठे जातात हे शोधणं हेच तुमचं ऑडिट. एकेक आउटगोइंग फीडर (मेन पॅनलमधून पुढे इमारतींकडे जाणारी लाइन) तपासत जा. सर्व्हर रूमचा एसी सापडेल, कुलूपबंद डिपार्टमेंटमधला वॉटर कूलर सापडेल, टाकी भरून वाहतेय तरी चालू असलेला पंप सापडेल, बायोटेकचा उणे 80 अंशांचा डीप फ्रीजर सापडेल. हा जुना असला तर एकटाच दिवसाला 20 युनिटच्या आसपास खातो. बंद करा म्हणायची सोय नाही, आत कोणाच्या तरी पीएचडीचे सॅम्पल असतात, पण उणे 70 वर चालतं का हे गाइडना विचारून बघा, आणि बर्फ काढा, मागची जाळी साफ करा.

तासांचं महत्त्व आयक्यूएसीच्या मीटिंगमध्ये पटवायचं असेल तर एवढंच मांडा. साधा पंखा 75 वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30, वाचले 45. वर्गात पंखा वर्षाला 900 तास फिरतो, वाचतात 40 युनिट. अभ्यासिकेत 5,000 तास फिरतो, वाचतात 225. युनिट 10 रुपये आणि पंखा 3,000 ला धरला तर अभ्यासिकेत दीड वर्षाच्या आत पैसे वसूल, वर्गात सात वर्षं थांबा. म्हणून ‘सगळे पंखे बदला’ अशी शिफारस ज्या रिपोर्टमध्ये असेल तो कोणी जागेवर न जाताच लिहिलाय समजा.

सही मात्र बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा पास झालेल्या सर्टिफाइड ऑडिटरचीच घ्या. मुलांच्या मोजणीवर तो जागेवर येऊन उलटतपासणी करेल असा माणूस बघा.

प्रश्न : आमचे रेक्टर म्हणतात हॉस्टेलचं बिल तुमच्या केटल आणि लॅपटॉपमुळे येतं. खरं आहे का? – हॉस्टेलवाला, पुणे

उत्तर : अर्धवट. 1,500 वॅटची केटल पाच मिनिटं लावली तर सव्वाशे वॅट-तास, म्हणजे आठ वेळा चहा झाला तेव्हा एक युनिट. तुझ्या डोक्यावरचा जुना पंखा 14 तास फिरला की तेवढंच खातो, लॅपटॉप तर त्याहून कमी. केटलला बंदी असते ती वायरिंगमुळे, एका एक्स्टेंशन बोर्डवर तीन केटल लागल्या तर प्लग वितळतो, तिथे रेक्टर सर बरोबर आहेत, वाद घालू नकोस.

बिल बघायचं तर गिझरकडे बघ. 20 लिटरची बादली 20 अंशांनी तापवायला जवळपास अर्धा युनिट लागतो, 400 मुलं अंघोळ करतात म्हणजे रोज 200 युनिट. गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेलच, पण बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार बसलेत का, आणि आतला इलेक्ट्रिक बॅकअप भर उन्हाळ्यातही चालू ठेवलाय का, हे एकदा वायरमन काकांबरोबर वर जाऊन बघ आणि मग रेक्टर सरांना भेट.